उणे तीन सेंटिमीटर

रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी
ट्रॉम्सोच्या आमच्या तळघरातल्या यंत्राने
गुओलेयाव्री तळ्यावरचा बर्फ मोजला :
जाडी, उणे तीन सेंटिमीटर.

म्हणजे मुळीच नसलेल्या बर्फाहूनही
तीन बोटं कमी.
अशा बर्फावरून कोण चालत जात असेल?

ओडवारने हा प्रोग्राम लिहिला तेव्हा मी शाळेत होते.
तो म्हणतो, गणिताचा कधीमधी पाय घसरतो.
उठवावं, कपडे झटकावेत, चालायला लावावं.
उणे आलं तर शून्य धर, नोंदीत एक ओळ लिही :
"इशारा. जाडी ऋण. शून्य मानली."
आणि चालू दे.
सकाळी सहाला लोकांना नकाशा हवा असतो,
तुमची तत्त्वं नकोत.

नोंदीत आता दर रात्री एकतीस हजार इशारे असतात.
मी एकदा वाचायला बसले होते.
चारशेव्या ओळीला कॉफी आणायला उठले
ती परत आलेच नाही.

सुन्निवा नवी. तिने सगळे वाचले, दोन शनिवार घालवून.
मग म्हणाली, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय,
आणि आपण रोज जात्याचा आवाज ऐकून खूश.
तिने तिथे एक असर्ट घातला.
मी मनातल्या मनात त्याला शपथ म्हणते :
जाडी शून्याहून कमी नसेल.
असेल, तर पुढचा एक आकडाही काढणार नाही,
इथेच जीव देईन.

काल रात्री शपथ मोडली.
नव्वद हजार चौकोनांपैकी एका चौकोनापायी
उरलेले सगळे, शहाणे, खरे,
अंधारात तसेच राहिले.

सहाला फोन. काउतोकेइनोहून बिरेत.
कळप पलीकडे न्यायचाय, नकाशा कोरा का?
सांगितलं. कुठला चौकोन, तिने विचारलं.
तोही सांगितला.
ती हसली. अगं, तिथे ओढा येऊन मिळतो.
पाणी खालून बर्फ खातं. आम्ही ती वाट धरतच नाही.
एरवी काय लिहिता तुम्ही तिथे?

शून्य, मी म्हणाले.
आणि म्हणताना आठवलं
की शून्य पुढे शेजाऱ्यांच्या सरासरीत मिसळतं,
अठ्ठावीस होतं,
आणि अठ्ठावीसला आम्ही हिरवा रंग देतो.

फोनवर बराच वेळ नुसता वारा.
मग बिरेत म्हणाली, थांबलात ते बरं केलंत.
पण रोज थांबू नका.
आम्ही बाकीच्या वाटा तुमच्याच नकाशावर चालतो.
आणि जाता जाता, कुणाला तरी सांगावं तसं :
ऐन थंडीत बर्फ रात्रभर ओरडतो, आम्ही झोपतो.
वसंतात गप्प होतो. मग आम्ही उठून बसतो.

आता दुपार. एका ओळीपुढे आम्ही तिघं.
ओडवार म्हणतो, केसाच्या लाखाव्या भागाइतकं उणे
ही नुसती दशांशांची धूळ. तिच्यापायी मरू नये कुणी.
सुन्निवाने ओठ आवळून मान हलवली.
तीन सेंटिमीटर मात्र धूळ नाही,
हे ओडवारने खिडकीबाहेर बघत कबूल केलं.
मग धूळ संपते कुठे?
दोघं माझ्याकडे बघतात. आज पाळी माझी आहे.

मी एक मिलिमीटर लिहिला.
खोडला.
अर्धा लिहिला.

तेवढ्यात बिरेतचा निरोप :
पोचलो. नकाशा नव्हता, काठीने ठोकत ठोकत गेलो.
मधल्या वाटेवर एक गेली, पांढरी मादी,
सगळ्यांत पुढे चालणारी.
घंटा तिच्याच गळ्यात होती.

मधली वाट.
काल रात्री तो चौकोन मोजायचाच राहिला होता.

सुन्निवाने निरोप दोनदा वाचला.
ओडवार काही बोलला नाही, ही त्याची भलाई.
स्क्रीनवर माझा अर्धा मिलिमीटर
आणि त्याच्यापुढे उघडझाप करणारी एक उभी रेघ.